अप्पांचा कोबो ई-रीडर रिसेट झाला, तीन वर्षांची मांडणी गेली. पुढं टिकवायची कशी?

अनगोळचा_वाचक – रविवार, रात्री १०:२०

मंडळी, लांबण लागणार आहे, खरं सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला तरी काय कळणार.

अप्पा ७६ वर्षांचे, निवृत्त मास्तर. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत. छापील पुस्तकाचा टाईप बारीक पडतो म्हणून तीन वर्षांमागं मेव्हण्याचा जुना कोबो क्लारा एचडी त्यांना दिला. पहिल्याच दिवशी मराठी पुस्तक उघडलं तर अक्षरं फुटलेली. ‘पत्र’ चं ‘पत् र’, ‘स्थिती’ तली वेलांटी कुठल्या कुठं. अप्पा म्हणाले, "चौथीतल्या पोरानं असं लिहिलं असतं तर पट्टी घेतली असती मी." मग दोन रविवार बसून मी त्यावर निकेलमेनू घातला (यंत्राच्या मेनूत आपली बटणं आणतो तो), केओरीडर घातला (पुस्तकं वाचायचा निराळा प्रोग्राम). मराठी फाँट, मोठा टाईप, ओळींत ऐसपैस अंतर, झोपवलं की पडद्यावर आमच्या घरच्या गणपतीचा फोटो. तेव्हापासून अप्पा आणि ते यंत्र, मधे कोण नाही.

गेल्या आठवड्यात मी कामासाठी हुबळीला होतो. धाकट्यानं काहीतरी बघायला म्हणून यंत्र वायफायला जोडलं आणि रात्रीत अपडेट आलं. सकाळी मेनूतलं केओरीडरचं बटण गायब. पुस्तकं दिसायची, खरं उघडली की परत ‘पत् र’. आईनं शेजारच्या पोराकडं दिलं, त्यानं गावातल्या एका मोबाईल दुकानात नेलं. दुकानदारानं कुठली बटणं दाबली देव जाणे. "रिसेट मारलाय, आता नव्यासारखं झालं" म्हणून दोनशे रुपये घेतले. नव्यासारखंच झालं होतं. भाषा कुठली पाहिजे म्हणून विचारत होतं, आणि त्यात मराठी नाहीच.

पुस्तकं बहुतेक माझ्या कॉम्प्युटरवर आहेत, त्यांचं दुःख नाही. हिवाळ्यात आपल्याकडं बेळगाव भागात गावोगावी साहित्य संमेलनं भरतात ते तुम्हाला ठाऊकच आहे, कडोली, उचगाव, येळ्ळूर. यंदा एका गावात अप्पांना जात्यावरच्या ओव्यांवर बोलायला बोलावलंय. त्यासाठी तीन वर्षं त्यांनी पुस्तकांत ओळी अधोरेखित करून ठेवल्या होत्या. त्या गेल्या. अप्पा मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तर प्रश्न दोन. खुणा परत मिळतील काय? आणि पुढच्या अपडेटला परत हे रामायण होऊ नये म्हणून काय करायचं?

निपाणीकर_दादा – रविवार, रात्री ११:०५

वाईट झालं. खरं अपडेटला शिव्या घालू नका. अपडेटनं तुमचं काहीच नेलं नव्हतं.

तुमच्या क्लारा एचडीच्या पोटात तीन कप्पे आहेत. पहिल्यात यंत्राची सिस्टीम. दुसऱ्यात अडीअडचणीला म्हणून ठेवलेली सिस्टीमची मूळ प्रत. तिसरा आपला, कॉम्प्युटरला वायर लावली की दिसतो तो. आपण दोन रविवार बसून जे काही करतो त्यातलं नव्वद टक्के या तिसऱ्या कप्प्यात असतं. अख्खा केओरीडर ‘डॉट अ‍ॅड्स’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये, फाँट ‘फाँट्स’ फोल्डरमध्ये, गणपतीचा फोटो ‘डॉट कोबो’ मधल्या ‘स्क्रीनसेव्हर’ मध्ये. अपडेट या कप्प्याला हात लावत नाही.

निकेलमेनूचं तेवढं वेगळं. त्याची यादी, म्हणजे मेनूत काय काय दिसायचं ते, आपल्या कप्प्यात. खरं तो चालवणारा तुकडा बसतो सिस्टीमच्या कप्प्यात, चित्रं वाचणाऱ्या प्लगइनच्या शेजारी. सिस्टीम नवीन आली की तो कधी टिकतो, कधी जातो. तुमचा गेला. म्हणजे घर जागेवर होतं, दाराची कडी तेवढी निघाली होती. निकेलमेनूची ‘कोबोरूट डॉट टीजीझेड’ ही फाईल ‘डॉट कोबो’ फोल्डरमध्ये टाकायची, वायर काढायची, यंत्र आपणहून बंद होऊन चालू होतं, बटण हजर. पाच मिनिटांचं काम. अप्पांच्या खुणा तोवर आत सुखरूप होत्या.

रिसेटची गोष्ट निराळी. त्यात दुसऱ्या कप्प्यातली मूळ प्रत पहिल्यावर ओततात आणि तिसरा पुसून टाकतात. दुकानदारानं घरच पाडलं.

जांबोटी_अक्का – सोमवार, सकाळी ६:५०

वाचून पोटात कालवलं की ओ. मी शाळेत शिकवतो, माझ्याकडं पण कोबो आहे, त्यावर केओरीडर घालून चार वर्षं झाली. एकदाही अपडेट आलं नाही. कारण आमच्याकडं पावसाळ्यात नेट नाही, उन्हाळ्यात लाईट नाही, वायफाय तर कधीच नाही. जांबोटीत राहण्याचा एवढा तरी फायदा.

थट्टा सोडा. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वायर लावून सगळा ड्राईव्ह कॉम्प्युटरवर उतरवून घेतो. लपलेल्या फायली दाखवा असं आधी सांगावं लागतं, नाहीतर नेमकं महत्त्वाचं तेच मागं राहतं. पहिल्या वेळी मी नुसती पुस्तकंच कॉपी करून बसलो होतो आणि म्हणत होतो, झालं बॅकअप.

कोथरूडवासी – सोमवार, सकाळी ९:१५

जांबोटीकर भाऊ, उत्तम सवय आहे. एक पुस्ती जोडतो. कॅलिबर (कॉम्प्युटरवर ई-पुस्तकं सांभाळायचा प्रोग्राम) वापरत असाल तर त्यात कोबो युटिलिटीज नावाचं प्लगइन मिळतं. यंत्र जोडलं की ते कोबोच्या डेटाबेसची प्रत काढून ठेवू शकतं. कंपनीच्या रीडरमध्ये केलेली अधोरेखनं, कुठवर वाचलं, संग्रह, हे सगळं त्या एका डेटाबेस फाईलमध्ये असतं. मात्र ती प्रत परत ठेवताना सिस्टीमचं व्हर्जन पाहावं. जुन्या व्हर्जनचा डेटाबेस नव्यावर चालून जातो, नव्याचा जुन्यावर ठेवला की अंगलट येतं. मी स्वतः हात भाजून घेतले आहेत.

जांबोटी_अक्का – सोमवार, दुपारी १:३०

कोथरूडकर, भाऊ नव्हे, अक्का! आमच्याकडं बायकाही ‘मी जातो, मी करतो’ म्हणतात. दोन पोरांची आई आहे मी.

कोथरूडवासी – सोमवार, दुपारी १:४२

क्षमस्व अक्का. नावातच लिहिलेलं होतं, मी क्रियापदाकडे पाहिलं.

शहापूरचा_पेंग्विन – सोमवार, रात्री ८:००

थांबा थांबा. अनगोळचे दादा, हे आधी वाचा: त्या यंत्रावर आता काहीही टाकू नका. पुस्तकं नको, फाँट नको, चालूसुद्धा करू नका.

रिसेटमध्ये तिसरा कप्पा फॉरमॅट होतो, खरं तो झटपट फॉरमॅट असतो. फायलींची यादी पुसली जाते, मजकूर बराचसा कार्डवर तसाच पडून असतो, वर नवीन काही लिहीपर्यंत. आणि तुमचं नशीब थोर म्हणजे क्लारा एचडीत साठवण बोर्डावर डाग दिलेली नाही, आत साधं ८ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड आहे. मागचं झाकण उचकटलं की हाताला लागतं.

आणि खुणा कुठं होत्या? केओरीडरमध्ये ना? मग अजून बरं. केओरीडर दर पुस्तकाच्या शेजारी पुस्तकाच्याच नावाचं ‘एसडीआर’ शेपटीचं फोल्डर करतो, त्यात एक साधी मजकुराची फाईल. अधोरेखित ओळ, पान, तारीख, सगळं त्यात वाचता येईल असं लिहिलेलं असतं. असल्या फायली फोटोरेक नावाच्या फुकट प्रोग्रामला सापडतात.

अनगोळचा_वाचक – सोमवार, रात्री ८:११

अरे देवा. मी काल रात्रीच चाळीस पुस्तकं परत टाकली.

शहापूरचा_पेंग्विन – सोमवार, रात्री ८:१६

चाळीस ईपब म्हणजे किती, पन्नास-साठ एमबी? ८ जीबीत तेवढं कुठंतरी एका कोपऱ्यात बसलं असेल. थोडं गेलं असेल, सगळं नाही. आता बंद करा आणि कपाटात ठेवा. शनिवारी मी गावात आहे, खरं तुम्ही स्वतःही करू शकाल, सांगतो.

कार्ड काढायचं, रीडरमध्ये घालून कॉम्प्युटरला लावायचं. विंडोज असेल तर लगेच एक खिडकी उघडेल: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू काय? तिथं रद्द करा म्हणायचं. पहिले दोन कप्पे लिनक्सचे असतात, ते विंडोजला वाचता येत नाहीत म्हणून ते असं विचारतं. भल्याभल्यांनी ‘होय’ दाबून उरलंसुरलं घालवलंय. मग आधी अख्ख्या कार्डाची इमेज काढायची, म्हणजे पहिल्या बाईटपासून शेवटच्या बाईटपर्यंत जशीच्या तशी एक मोठी फाईल. जे काय उकरायचं ते त्या इमेजमधून. मूळ कार्डाला परत हात नाही.

चिकोडीचा_किंडलवाला – सोमवार, रात्री ९:३०

माझं किंडल आहे, जेलब्रेक केलेलं, म्हणजे कंपनीचं कुलूप काढलेलं. हे सगळं मला लागू होतं काय? धागा पळवायचा नाही, एवढंच विचारतो.

निपाणीकर_दादा – सोमवार, रात्री १०:१०

थोडं होतं, थोडं नाही. किंडलवर अपडेट हाच मोठा शत्रू, कारण अपडेट नुसतं बटण काढत नाही, आत यायची वाटच बुजवतं. २०२५ च्या जानेवारीत विंटरब्रेक नावाचा जेलब्रेक आला, लोकांनी भराभर किंडल उघडली, पुढच्या व्हर्जनात ती वाट बंद. म्हणून जेलब्रेकनंतर हॉटफिक्स (जेलब्रेक टिकवणारी फाईल) घालणं आणि आपोआप अपडेट उतरवणारी फाईल नाव बदलून निकामी करणं, हे दोन्ही झालंय काय ते आधी बघा. ते करेपर्यंत विमान मोड. काही जण किंडलची जागाच मुद्दाम फालतू फायलींनी भरून ठेवतात, म्हणजे अपडेट उतरायला जागाच राहात नाही. गावठी उपाय आहे, खरं चालतो.

आणि किंडलला रिसेट तर अजिबात नको. नुसते फाँट पाहिजे असतील तर जेलब्रेकची गरजच नाही, २०१८ पासून ‘फाँट्स’ फोल्डरात टाकले की दिसतात. ‘माय क्लिपिंग्ज’ नावाची मजकुराची फाईल ‘डॉक्युमेंट्स’ मध्ये असते, ती महिन्याला एकदा उचलून ठेवा. किंडलचं बाकी काही असेल तर वेगळा धागा काढा.

कोथरूडवासी – मंगळवार, सकाळी ८:४०

मूळ दुखण्यावर कोणी बोललं नाही म्हणून विचारतो. कोबोच्या मूळ रीडरमध्ये मराठी फुटतं ते फक्त साध्या ईपबमध्ये. तेच पुस्तक केपब (कोबोचा स्वतःचा फाईल प्रकार) करून टाकलं तर दुसरं इंजिन लागतं आणि जोडाक्षरं बरीच नीट दिसतात. कॅलिबर ८ पासून, म्हणजे मार्च २०२५ पासून, केपबची सोय कॅलिबरमध्येच आहे, वेगळं प्लगइन लागत नाही. मग केओरीडरचा खटाटोप हवाच कशाला? जितकी जोड कमी, तितकं अपडेटचं भय कमी.

निपाणीकर_दादा – मंगळवार, सकाळी ९:०५

मुद्दा बरोबर आहे. निदान मधल्या काळात अप्पा अडून बसले नसते. सगळ्या मराठी पुस्तकांची एक केपब प्रत यंत्रात असू दे, कडी निघाली तरी खिडकीतून वाचता येईल.

जांबोटी_अक्का – मंगळवार, सकाळी १०:२०

केपब मी करून बघितलंय. जोडाक्षरं जुळतात, खरं फाँट चांगला नसेल तर समाधान नाही. माझी कसोटी एकच: ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. समुद्रातला दर्या म्हणजे डोक्यावर रफार. डोंगरातल्या दऱ्या म्हणजे य च्या आधी तो आडवा कोयतीसारखा र. कित्येक फाँटांत दोन्ही एकसारखे येतात आणि सह्याद्रीत समुद्र घुसतो. दुसरं म्हणजे आपला ल आणि श. हिंदी वळणाचा ल आला की आमच्या वर्गातली पोरंसुद्धा विचारतात, बाई हे कुठलं अक्षर?

मी टिरो देवनागरी मराठी वापरतो. त्याचा ल आपला, श आपला. सावकाश वाचायला गोड आहे. म्हाताऱ्या डोळ्यांना जाड पाहिजे असेल तर मुक्ता.

शहापूरचा_पेंग्विन – मंगळवार, दुपारी २:००

अक्का, बऱ्याच फाँटात आपला ल-श आत असतोच, खरं पुस्तकाची भाषा मराठी आहे असं पुस्तकानं सांगावं लागतं. पुष्कळ ईपबांत भाषा इंग्रजी नाहीतर हिंदी लिहून ठेवलेली असते. कॅलिबरमध्ये भाषा मराठी करून परत रूपांतर केलं की त्याच फाँटात ल बदलतो. आणि केओरीडरमध्ये कर्निंग (अक्षरं जुळवायची सेटिंग) ‘बेस्ट’ वर ठेवा, ‘फास्ट’ वर देवनागरीचे हाल होतात.

फाँट मात्र केओरीडरच्या आतल्या फोल्डरात नको, बाहेरच्या ‘फाँट्स’ मध्ये ठेवा. दोन्ही रीडर तिथून उचलतात, आणि उद्या केओरीडर काढून नव्यानं घातला तरी फाँट जागेवर. तसंच केओरीडरच्या मूळ फायलींत हात घालून बदल करणाऱ्यांनो, ते नका करू. केओरीडरचं स्वतःचं अपडेट आलं की ते बदल जातात. स्वतःचे बदल ‘पॅचेस’ फोल्डरात ठेवले तर राहतात. ही सोय लोकांना माहीतच नसते.

कडोलीचा_तात्या – मंगळवार, संध्याकाळी ५:४५

मला यातलं फार कळत नाही, खरं अप्पांचं नाव काय? ओव्यांवर बोलणारे मास्तर म्हणजे आमच्या ओळखीचेच असणार.

धागा_राखणदार – मंगळवार, संध्याकाळी ६:००

तात्या, नावगाव इथं नको, निरोपातून विचारा. कुंद्याच्या दुकानांची चर्चा मी दुसऱ्या धाग्यात हलवली आहे, तिथं भांडा.

अनगोळचा_वाचक – शनिवार, रात्री ११:५०

आज उघडलं. सविस्तर सांगतो, पुढच्याला उपयोग होईल.

झाकण उघडायला एक जुनं एटीएम कार्ड घेतलं. कडेनं सरकवत गेलो की टक टक करत एकेक खटका सुटतो, प्रत्येक टकला काळजात धस्स. आत कार्ड आहे तिथं आहे. कॉम्प्युटरला लावल्याबरोबर ती खिडकी उघडली, फॉरमॅट करू काय? पेंग्विननं सांगितलं नसतं तर दाबलं असतं, खोटं कशाला बोलू. उद्यमबागेत दिवसभर मशीनवर ‘ओके’ दाबून दाबून बोटाला सवयच लागलीय.

इमेज काढली. फोटोरेक तीन तास चालला. तो फायलींची नावं परत देत नाही, नुसते आकडे. दोन हजारांच्या वर मजकुराच्या फायली निघाल्या, त्यातल्या बहुतेक केओरीडरच्याच आतल्या, आपल्या उपयोगाच्या नाहीत. मग सगळ्या फायलींत ‘ओवी’ शब्द शोधला. एकतीस फायली. पहिली उघडली तर मधेच सरळ मराठीत अप्पांची ओळ, आजूबाजूला कंस आणि आकडे. मी हाक मारली, अप्पा चष्मा न लावताच आले.

सगळ्या नाही मिळाल्या. एका पुस्तकातल्या अर्ध्या तुटल्यात, दोन पुस्तकांच्या सापडल्याच नाहीत, ते माझ्या चाळीस पुस्तकांचं पाप असणार. खरं अप्पांच्या अंदाजानं बारा आणे परत आलं.

निपाणीकर_दादा – रविवार, सकाळी ७:३०

बारा आणे म्हणजे खूप झालं. आता परत मांडताना क्रम चुकवू नका. आधी यंत्राला जे काय अपडेट घ्यायचंय ते घेऊन होऊ दे, बॅटरी भरून, लाईटचा भरवसा असताना. मग निकेलमेनू, मग केओरीडर. अपडेट आणि निकेलमेनू एकदम नको, कारण कंपनीच्या अपडेटमध्येही ‘कोबोरूट डॉट टीजीझेड’ नावाचीच फाईल असते, एकावर एक पडते. ब्राउझरनं नावापुढं कंसात १ लावला असेल तर काढा, नाव तंतोतंत पाहिजे. मॅक असेल तर सफारी ती फाईल आपणहून अर्धी सोडवून ठेवते, तेही बघा.

आणि चालू होताना धीर धरा. निकेलमेनू सुरुवातीची काही सेकंद स्वतःला बाजूला काढून ठेवतो, सगळं सुरळीत चाललं तर परत जागेवर बसतो. यंत्र अडकू नये म्हणून केलेली सोय आहे. खरं कोणी उतावीळपणानं त्याच वेळेत बटण दाबून बंद केलं, की तो गेला म्हणून समजा. निम्मे लोक इथंच "टिकत नाही, टिकत नाही" म्हणून येतात.

मेनूतल्या रेघा, समास असले बदल पॅच घालून करणारे असाल तर ते दर अपडेटला जाणारच. नवीन व्हर्जनासाठी नवीन पॅच बांधावा लागतो, जुना घालू नका.

शहापूरचा_पेंग्विन – रविवार, सकाळी ९:२०

आणि सगळं मनासारखं मांडून झालं की परत एकदा झाकण उघडा. कार्डाची अख्खी इमेज काढून ठेवा, जमल्यास दुसऱ्या कार्डावर उतरवून ते कार्ड अप्पांच्या कपाटात. उद्या दुकानदारानं काही मारलं तरी कार्ड बदललं की दहा मिनिटांत तेच यंत्र, त्याच पानावर. ज्यांच्या यंत्रात कार्ड नाही त्यांनी अक्कांसारखं दर महिन्याला उतरवून घ्यावं.

अनगोळचा_वाचक – पुढचा रविवार, रात्री ९:४५

झालं सगळं. कार्डाची जोडी केली. मुलानं वहीच्या कागदावर लिहून कव्हरच्या आत चिकटवलंय: "बिघडल्यास कोणाकडेही देऊ नये. रिसेट करू नये. बाबांना फोन करावा." खाली आईनं पेननं जोडलंय, "दोनशे रुपये देऊ नयेत."

आणखी एक सांगायचं राहिलं. त्या सापडलेल्या फायलींत दर खुणेपुढं तारीख आणि वेळ असते. सहज बघितली. पहाटे ३:५०. पहाटे ४:१२. पहाटे ४:१५. पहाटे ४:३१. एकतीस फायली, जवळजवळ सगळ्या त्याच वेळेच्या.

शहापूरचा_पेंग्विन – रविवार, रात्री १०:००

दादा, टाइमझोन बघितलात काय? मेव्हण्याचं यंत्र म्हणालात. घड्याळ सिंगापूरचं असेल तर अडीच तास पुढं दाखवेल.

अनगोळचा_वाचक – रविवार, रात्री १०:१४

बघितलं. घड्याळ मीच तीन वर्षांमागं लावलं होतं, आपलंच होतं.

अप्पांना विचारलं तर म्हणाले, ऑपरेशनपासून चारला जाग येते, मग काय करायचं. वर म्हणाले, भाषणासाठी ओळी छापून देशील तेव्हा वेळा तेवढ्या काढ, तुझ्या आईला कळायला नको. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, मला काय आंधळी समजता, रोज भिंतीवर उजेड दिसतो की.

आता केओरीडरमध्ये ऑटोवॉर्म्थ लावलंय. रात्री दहानंतर पडदा आपोआप पिवळा होतो, सकाळी सहाला परत पांढरा. ते लावलं आणि कार्डाची इमेज परत नव्यानं काढली.